घड्याळ सांगलीचं, ऊन अंदमानचं

सांगलीहून अंदमानला गेलेला माणूस सेल्युलर जेल पाहिल्याशिवाय परतत नाही. बाबाराव सावरकरांनी तिथे काळ्या पाण्याची शिक्षा भोगली, १९२१ मध्ये त्यांना तिथून हलवलं गेलं आणि १९४५ मध्ये त्यांनी देह ठेवला तो सांगलीत. सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका मार्चमध्ये अंदमानला गेल्या त्या याच ओढीनं. सोबत यजमान आणि साताऱ्याचे दीर-जाऊ. कोठडीसमोर हात जोडले, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी सगळे बोटीनं स्वराजद्वीपला, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकला पोचले.

तिथे बाईंचा हिशेब चुकला. नाश्ता करून साडेनऊला राधानगरच्या किनाऱ्यावर जायचं, कोवळ्या उन्हात तासभर डुंबायचं, असं ठरलं होतं. घड्याळ देशभर एकच असलं तरी अंदमान सांगलीच्या पूर्वेला सुमारे अठरा अंश रेखांशावर आहे. त्यामुळे सूर्य तिथे जवळजवळ सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी डोक्यावर येतो. तिथले साडेनऊ म्हणजे आपल्याकडचे पावणेअकरा. त्यात पाण्यात अंग गार लागतं, त्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही.

तासाचे दोन तास झाले. दुपारी खांदे लालबुंद, मग मळमळ, आणि खोलीच्या दारात घेरी.

“मला वाटलं, ऊन आम्हाला काय नवीन?” बाई सांगतात. नवीन होता तो दमटपणा. सांगलीच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग निवतं. बेटावर तो नुसता निथळतो. शिवाय त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यानं शरीरातलं पाणी आणखी घटलं. आता त्या निघणाऱ्या प्रत्येकाला बजावतात की, आपल्या गोळ्या उष्ण हवेत कशा घ्यायच्या हे घरच्या डॉक्टरांना आधी विचारा, मनानं बंद करू नका. समुद्रस्नान सकाळी उजाडल्यावर लगेच किंवा दुपारी तीननंतर करा. तिथे हिवाळ्यात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा फार उशीरही नको. लांब बाह्यांचा शर्ट घाला, सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावा आणि ओआरएसची पाकिटं पर्समध्येच असू द्या.

यजमानांची गोष्ट वेगळी. लहानपणापासून कृष्णेत पोहलेला माणूस! सर्दी झालेली असताना स्कुबाच्या फॉर्मवर त्यांनी ‘त्रास नाही’ अशी खूण केली. पण कृष्णेत पोहणारा वरच राहतो. स्कुबात खाली जाताना पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो, दहा मीटरवर तर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. सर्दीनं कान आणि घसा जोडणारी नळी चोंदलेली असली की आतून तोल सांभाळला जात नाही. कान दुखताच वर येण्याची खूण करायला हवी होती. त्यांनी दात-ओठ खाऊन कळ सोसली आणि पडदा फाटला. बरा व्हायला कित्येक आठवडे गेले. सर्दीत स्कुबा नकोच, आणि स्कुबानंतर किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमान नको. म्हणजे स्कुबा सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवूच नये.

मगरीचंही तसंच. भिलवडी-औदुंबरकडच्या लोकांना कृष्णेतली मगर माहीत आहे, पण अंदमानातली खाऱ्या पाण्याची मगर तिच्याहून मोठी आणि आक्रमक. २०१० मध्ये हॅवलॉकलाच तिच्या हल्ल्यात एक अमेरिकन तरुणी गेली. खारफुटीजवळ, खाडीच्या तोंडाशी किंवा मनाईचा बोर्ड असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नये.

बेटावर सगळ्यात महत्त्वाचं असतं ते डॉक्टरपर्यंतचं अंतर. मिरजेच्या दवाखान्यांच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ते जाणवत नाही. हॅवलॉकहून श्रीविजयपुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या रुग्णालयात जायला बोटीनं दीड-दोन तास लागतात, आणि समुद्र खवळला की बोटच निघत नाही. म्हणून रोजच्या गोळ्या दोन-तीन दिवसांच्या जास्त घ्याव्यात आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.

घरी परतल्यावर ताप आला, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून अंगावर काढू नये. चिखलपाण्यातून होणारा लेप्टोचा ताप महापूर पाहिलेल्या सांगलीला परका नाही, आणि अंदमानात तो जुना आहे. मलेरियाचा ताप तर काही आठवड्यांनीही चढतो. दीर साताऱ्यात तापानं फणफणले, तेव्हा बाईंनी फोनवर पहिलं वाक्य हेच सांगितलं, “भाऊजी, डॉक्टरांना आधी सांगा, अंदमानहून आलोय.”