मामलेदार आणि तहसीलदार : दोन शब्दांचा विचार

तालुक्याच्या कचेरीस कोणी मामलेदार कचेरी म्हणतात, कोणी तहसील. अधिकारी एक असता नावे दोन का, हा प्रश्न केवळ कोशापुरता नाही. शेतकऱ्याच्या हिताशी त्याचा निकट संबंध आहे.

प्रथम 'तहसीलदार' हा शब्द घेऊ. अरबी 'तहसील' म्हणजे मिळविणे, गोळा करणे. त्यास फारसी 'दार' हा प्रत्यय लागला. सारा गोळा करण्याचे काम ज्याच्याकडे, तो तहसीलदार. 'महसूल' व 'हशील' हे शब्द त्याच धातूचे. 'भांडून काय हशील?' असे आपण म्हणतो, तेव्हा पदरात काय पडणार, हेच विचारीत असतो. 'वसूल' हा शब्द मात्र, जवळचा भासला तरी, निराळ्या धातूचा आहे. त्याचा मूळ अर्थ पोहोचणे.

'मामला' हा अरबी 'मुआमला' होय. अर्थ व्यवहार, देवघेव. त्याचा धातू 'अमल', म्हणजे काम. आपले 'अंमल' व 'अंमलदार' हे शब्द त्यावरूनच आले. तेव्हा मामलेदार म्हणजे मुलखाचा कारभार पाहणारा. पेशवाईत तो सारा वसूल करी, बंदोबस्त ठेवी आणि तंटेही ऐके. १८१८ नंतर इंग्रजांनी मुंबई इलाख्यात हेच नाव कायम ठेवले. निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात व मध्यप्रांतात मात्र तहसीलदार हे नाव रूढ होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तेच स्वीकारले. गोव्यात मामलेदार व गुजरातेत मामलतदार ही नावे आजही चालू आहेत.

महाराष्ट्रात जुने नाव एका कायद्यात जिवंत राहिले आहे, आणि शेतकऱ्याने लक्ष द्यावे ते येथेच. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये शेताच्या वहिवाटीच्या रस्त्यात किंवा पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कोणी बेकायदा अडथळा केल्यास तो दूर करण्याचा हुकूम मागता येतो. हा दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाखल केला पाहिजे. उलट, पूर्वीचा रस्ताच नसून दुसऱ्याच्या बांधावरून वाट हवी असेल, तर संहितेच्या कलम १४३ अन्वये अर्ज करावा लागतो. दोन्ही प्रकरणे एकाच तहसीलदारापुढे चालतात. परंतु पहिल्यात तो मामलेदार म्हणून बसतो.

रस्ता अडविला गेल्यावर गावकीच्या समजुतीत व तोंडी आश्वासनांत महिने निघून जातात, आणि मुदत टळते. म्हणून आमचे शेतकरी बंधूंस सांगणे असे की, समेटाचा प्रयत्न अवश्य करावा; पण अडथळ्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि अर्जावर योग्य कायद्याचे नाव व कलम घालण्यास चुकू नये.