न लिहिलेल्या ओळीची किंमत

ओंकार : आत्या, हे बघ ना. आमच्या डिस्ट्रोतली ऑडिओची ही छोटी ओपन-सोर्स लायब्ररी इतकी वर्षं सुरळीत चालत होती. लिनक्स अपडेट केलं आणि हिचं प्लगइन लोडच होईना. म्हणे, हिला एक्झिक्युटेबल स्टॅक हवाय आणि तो देता येत नाही. अगं, आम्ही स्टॅकवर काही चालवतच नाही!

आत्या : असेंब्लीच्या फायली आहेत का हिच्यात?

ओंकार : एक आहे. फिल्टरचं आतलं लूप, वेगासाठी हाताने लिहिलेलं.

आत्या : मग घोडं तिथेच अडलंय. ‘रीडएल्फ -एलडब्ल्यू’ चालव आणि ‘जीएनयू_स्टॅक’ची ओळ शोध. पुढे काय दिसतंय?

ओंकार : आरडब्ल्यूई.

आत्या : त्यातला ‘ई’ नको होता. स्टॅकवर वाचता-लिहिता यायलाच हवं, पण तिथलं चालवताही येत असेल, तर बफर ओव्हरफ्लो साधून कुणी स्वतःचा कोड स्टॅकवर उतरवला की तो निमूट चालतो. सी कंपायलर प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये ‘.नोट.जीएनयू-स्टॅक’ नावाचा रिकामा विभाग ठेवून सांगतो, की मला एक्झिक्युटेबल स्टॅक नको. असेंब्लीत हे लिहिणाऱ्यानेच सांगायचं. नाही सांगितलं, तर एक्स८६वर लिंकर धरून चालतो की हवाय. आणि एका फाइलसाठी अख्खी लायब्ररी तशी होते.

ओंकार : गप्प राहिलं की होकार? हा काय न्याय झाला?

आत्या : जुन्या कोडची सोय. जीसीसीमध्ये नेस्टेड फंक्शनचा पत्ता घेतला, की स्टॅकवर छोटासा कोड रचला जायचा. ते मोडू नये म्हणून हा नियम. बिनयुटिल्स २.३९ने २०२२मध्ये निदान इशारा द्यायला सुरुवात केली, पण बिल्डच्या लॉगमधले इशारे वाचतो कोण! जानेवारी २०२५मध्ये आलेल्या ग्लिबसी २.४१ने मात्र चालू प्रोग्रॅममध्ये अशी लायब्ररी लोड करायलाच नकार दिला. तुझं प्लगइन तिथे अडकलं.

ओंकार : मग लिंकरलाच ‘-झेड नोएक्झेकस्टॅक’ सांगतो, झालं.

आत्या : तुझ्यापुरतं झालं. पण कुणी तुमची स्टॅटिक लायब्ररी घेतली, तर लिंकिंग त्याच्याकडे होणार, तुझा फ्लॅग तिथे नसणार. ओळ फाइलमध्येच घाल, अगदी शेवटी : विभागाचं नाव, रिकामी अवतरणचिन्हं, मग ‘@प्रोगबिट्स’. ३२-बिट आर्मवर ‘@’पासून टिप्पणी सुरू होते, म्हणून तिथे ‘%’ लिहायचं. आणि मॅकवर हा विभाग ओळखत नाहीत, तेव्हा सगळं एल्फच्या ‘इफडेफ’मध्ये. फाइलच्या नावात शेवटी कॅपिटल एस आहे ना? स्मॉल असेल तर प्रीप्रोसेसर तिला हातच लावत नाही.

ओंकार : कॅपिटल आहे. एवढ्यावर सुटलो?

आत्या : छे! खरं काम एंडबीआरचं. २०२०च्या टायगर लेकपासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सोय आली, की पॉइंटरमधून मारलेली उडी ‘एंडबीआर६४’ याच सूचनेवर पडली पाहिजे. आर्ममध्ये तेच काम ‘बीटीआय’ करते. हल्लेखोराला फंक्शनच्या अधेमध्ये उडी मारता येऊ नये, हा हेतू. आता तुमचं फिल्टर कसं बोलावलं जातं?

ओंकार : सुरुवातीला प्रोसेसर तपासतो. एव्हीएक्स असेल तर ते फंक्शन, नाहीतर एसएसईचं. पत्ता पॉइंटरमध्ये ठेवतो.

आत्या : म्हणजे तुमचं प्रत्येक असेंब्ली फंक्शन पॉइंटरमधूनच गाठलं जातं. प्रत्येकाच्या तोंडाशी ती सूचना हवी. जंप टेबल असेल तर त्यातल्या लेबलांवरही, आणि आर्मवर तिथे फंक्शनच्या तोंडाशी लागणारी ‘बीटीआय सी’ नाही, ‘बीटीआय जे’. शिवाय फाइलवर तशी खूण हवी. इथे हिशेब उलटा आहे बघ : सगळ्या ऑब्जेक्ट फायलींवर खूण असेल तरच लिंकर ती लायब्ररीवर ठेवतो. एक सुटली की सगळ्यांचं संरक्षण गेलं. जीसीसीचं ‘सीईटी.एच’ घेतलंस तर एक्स८६वर खूण आपोआप पडते, सूचना मात्र तूच घालायचीस.

ओंकार : खूण घातली आणि सूचना विसरलो तर?

आत्या : ते सगळ्यात वाईट. खोटी ग्वाही. लिनक्सवर यूझर प्रोग्रॅमसाठी एक्स८६ची ही तपासणी कर्नल अजून लागू करत नाही, त्यामुळे चूक दडून राहते. ओपनबीएसडी ७.४ने, म्हणजे २०२३पासून, ती चालणाऱ्या प्रोसेसरवर सक्तीची केली. तिथे चालवून बघ, लगेच कळेल. आणि फिल्टरचे स्थिरांक कोडच्याच विभागात ठेवले असतील, तर तेही तिथे उघडं पडेल. ७.३पासून बऱ्याच मशीनवर कोड चालवता येतो, वाचता येत नाही. तक्ते ‘रोडेटा’त हलव.

ओंकार : आणि हे सगळं आमच्या डिस्ट्रोच्या पॅचमध्ये ठेवू?

आत्या : मुळीच नको. मूळ प्रकल्पाकडे पाठव. नाहीतर पुढची प्रत्येक डिस्ट्रो हेच काम पुन्हा करत बसेल.