बरहुकूम बिल्ड : मुक्तस्रोत प्रकल्पाच्या कारखान्यातील उमेदवारी

बारावीचा निकाल हाती आला, सामायिक प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल कळले आणि प्रवेशाच्या फेऱ्यांचे वेळापत्रक जाहीर झाले, म्हणजे एरवी शांतपणे चाललेल्या घरांतही एकाच प्रश्नाचा घोष सुरू होतो : कॉम्प्युटर शाखा मिळाली तर ठीक, न मिळाली तर मुलाचे पुढे काय? ही काळजी निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण नामांकित महाविद्यालयाचा शिक्का पहिल्या नोकरीच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवतो हे खरेच आहे; परंतु त्या दाराच्या आत टिकून राहण्यासाठी, किंबहुना शिक्का नसतानाही ते दार उघडावे म्हणून, जे कसब लागते त्याचा उल्लेख महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांत क्वचितच आढळतो. दुसऱ्यांनी लिहिलेले एखादे मोठे सॉफ्टवेअर मूळ लिखाणापासून, कोणत्याही यंत्रावर, ठरल्या जाबत्याबरहुकूम पुन्हा उभे करता येणे, हे ते कसब होय. आणि ते शिकण्याची जागा म्हणून मी कुबरनेटिस या मुक्तस्रोत प्रकल्पाकडे बोट दाखवीन.

मोठ्या कंपन्यांचे प्रोग्रॅम आज एका संगणकावर चालत नाहीत, शेकडो सर्व्हरांवर चालतात. ते कोणत्या सर्व्हरवर चढवावयाचे, एखादा बंद पडला तर दुसरीकडे कसा उभा करावयाचा, भार वाढला तर किती प्रती वाढवावयाच्या, हा सगळा बंदोबस्त कुबरनेटिस पाहते. गूगलच्या अभियंत्यांनी ते जून २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले, जुलै २०१५ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती निघाली, आणि त्याच सुमारास ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या नव्या संस्थेच्या स्वाधीन झाले. त्याच्या नावाने भरणारी परिषद डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीसही भरली. एवढ्यावरून आपल्याकडे त्यावर काम करणाऱ्यांची संख्या उपेक्षणीय नाही हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आता बिल्ड म्हणजे काय? माणसाने गो या भाषेत लिहिलेल्या हजारो फाइलींपासून यंत्राला थेट चालवता येईल अशी एक फाइल तयार करणे, याचे नाव बिल्ड. वरवर पाहता ही क्रिया यांत्रिक भासते; परंतु लिखाण अक्षरशः तेच असूनही कंपायलरची आवृत्ती निराळी, सोबतच्या लायब्ररी निराळ्या, संगणकावरील सेटिंग निराळी, एवढ्या कारणांनी दोन ठिकाणचे फलित निराळे निघते, आणि मग ‘माझ्याकडे तर चालते’ हे वाक्य प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक महाविद्यालयीन प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत ऐकू येते. पूर्वी जमीन मोजावयाच्या काठीची लांबी मुलखागणिक बदलत असे आणि त्यामुळे एका ठिकाणचा बिघा दुसरीकडच्या बिघ्याशी जुळत नसे, त्यातलाच हा प्रकार. आणि उपायही तोच, की मोजणाऱ्याने काठीदेखील बरोबरच न्यावी. बिल्डसाठी लागणारी सर्व अवजारे एका कंटेनरमध्ये बांधून ती लिखाणाबरोबर देणे, हा तो उपाय होय.

कंटेनर म्हणजे संगणकाच्या पोटातला दुसरा संगणक, अशी समजूत पुष्कळ शिक्षकही करून देतात. ती खरी नाही. कंटेनरमधील प्रोग्रॅम मूळ संगणकाच्याच लिनक्स कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, अंमलाखाली चालत असतो. मात्र कर्नल त्याला फाइलींचा स्वतंत्र पसारा आणि प्रोसेसची स्वतंत्र यादी दाखवतो, आणि मेमरी व प्रोसेसर किती वापरावयाचा याची मर्यादा त्याच्यावर घालून देतो. या कल्पनेचे मूळ १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीवर काम चालू असता आलेल्या ‘सीएचरूट’पर्यंत जाते, फ्रीबीएसडीने २००० मध्ये तिला ‘जेल’चे रूप दिले, मर्यादा घालण्याची ‘सीग्रुप’ ही व्यवस्था २००८ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आली, आणि मार्च २०१३ मध्ये सोलोमन हाइक्स यांनी डॉकर हे कंटेनर रचण्याचे व चालवण्याचे अवजार जगापुढे मांडल्यावर हे सारे सामान्य प्रोग्रॅमरच्या हाताशी आले. तीस-पस्तीस वर्षांचा हा प्रवास विद्यार्थ्याने एकदा नीट वाचावा, कारण डॉकरच्या कमांड पाठ करणाऱ्यांची आज वाण नाही; त्या कमांडच्या खाली काय घडते हे सांगू शकणारे मात्र मुलाखतीत चटकन ओळखू येतात.

कुबरनेटिसच्या मूळ लिखाणाच्या भांडारात ‘बिल्ड’ नावाचा एक फोल्डर असून त्यात ‘रन डॉट एसएच’ ही स्क्रिप्ट आहे. टर्मिनलवर तिचे नाव लिहून पुढे ‘मेक’ हा शब्द जोडला, की ती प्रथम डॉकर चालू आहे की नाही याची खातरजमा करते, ‘क्यूब-क्रॉस’ नावाची पायाभूत इमेज (कंटेनर ज्यावरून उभा करतात तो तयार साचा) नसल्यास उतरवून घेते, तिच्यावर आपली बिल्डची इमेज रचते, आणि मग त्या इमेजपासून उभ्या केलेल्या कंटेनरमध्ये सर्व काम करवून फलित ‘आउटपुट’ फोल्डरातील ‘डॉकराइज्ड’ या कप्प्यात आणून ठेवते. गो कंपायलरची नेमकी कोणती आवृत्ती वापरावयाची हे एका चिमुकल्या फाइलीत एकाच ओळीने नमूद केलेले असते. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर गो मुळीच नसले तरी काही बिघडत नाही. सर्वांत मौज वाटते ती याची, की त्या क्यूब-क्रॉस इमेजमध्ये अन्य जातींच्या प्रोसेसरसाठी लागणारी हत्यारेही असल्यामुळे, सांगलीतल्या एखाद्या वसतिगृहातील साध्या इंटेल लॅपटॉपवर, ज्या आयबीएम मेनफ्रेमचे दर्शन त्या मुलाला जन्मात घडलेले नाही तिच्यावर चालणारी फाइल निघू शकते.

पहिल्या प्रयत्नात हे निर्विघ्न पार पडेल अशी आशा मात्र धरू नये. विंडोज किंवा मॅकवर लिनक्सचा कर्नल नसल्याने डॉकर तेथे एक आभासी लिनक्स यंत्र चालवतो आणि त्याला मेमरीचा ठरावीकच हिस्सा मिळतो. कंपायलर एकाच वेळी अनेक पॅकेजे चढवू लागला की तो हिस्सा संपतो, कर्नल एक प्रोसेस मारून टाकतो, आणि पडद्यावर ‘सिग्नल : किल्ड’ एवढेच त्रोटक शब्द उमटतात. कोणती ओळ चुकली याचा पत्ता नाही, कारण चूक कोणत्याही ओळीत नाहीच. कच्चा विद्यार्थी येथे प्रोग्रॅमच्या लिखाणात दोष शोधत बसतो, सगळे पुसून नव्याने उतरवून घेतो, आणि तीच अडचण पुन्हा आली म्हणजे प्रकल्पालाच नावे ठेवतो. ज्याने सीग्रुप आणि कर्नल समजून घेतले आहेत तो दुसरी टर्मिनल उघडून मेमरीचा आलेख पाहतो, डॉकरला दिलेली मर्यादा वाढवतो किंवा एका वेळी एकाच जातीच्या प्रोसेसरपुरते बिल्ड मागतो, आणि झाला प्रकार आपल्या वहीत तारखेसह नोंदवून ठेवतो. माझ्या मते ती वही कोणत्याही अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राहून अधिक मोलाची आहे.

या कामाला इतके महत्त्व का द्यावयाचे, असे एखाद्या विचारी पालकाने विचारले तर मी त्यांना मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरणाचा दाखला देईन. एक्सझेड ही लिनक्सवर फाइली दाबून लहान करणारी, जवळजवळ सर्वत्र असणारी लायब्ररी, तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी गुप्त दरवाजा ठेवला होता. त्यातील मख्खी अशी, की त्या दरवाजाला जागे करणारी बिल्डची ओळ सर्वांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हतीच, ती फक्त प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. म्हणजे लिखाण वाचणाऱ्यास संशय येऊ नये आणि बिल्ड करणाऱ्याच्या हातून विष कालवले जावे, अशी ती तजवीज होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिन नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक घेत असल्याचे खटकले, त्याने धागा पकडला, आणि मोठा अनर्थ टळला. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या, १९८४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, व्याख्यानात कंपायलरवर अंधविश्वास ठेवण्यातील धोका दाखवून दिला होता. तेव्हा बिल्ड सांभाळणारा मनुष्य हा कारखान्यातला हमाल नसून खजिन्याचा किल्लेदार आहे, हे आता कंपन्यांनाही उमगू लागले आहे.

कंटेनर वापरला म्हणजे सर्व दोष निवारण झाले, असेही नव्हे. पाया म्हणून घेतलेल्या इमेजला ‘लेटेस्ट’ अशी चिठ्ठी लावली असेल, तर आज तिच्याखाली जे आहे ते उद्या असेलच असे नाही. म्हणून जाणते लोक इमेजचा चौसष्ट अक्षरी डायजेस्ट नमूद करतात, जेणेकरून एक बिटही बदलला तर तफावत उघड व्हावी. शिवाय तयार फाइलीत बिल्डची वेळ उमटते, फाइलींचा क्रम बदलतो, फोल्डरचा पत्ता शिरतो, आणि दोन ठिकाणची फलिते बिटाबिटाने जुळत नाहीत. या दुखण्यावर डेबियन प्रकल्पातील मंडळी २०१३ पासून चिकाटीने इलाज करीत आली आहेत; ज्याला पुढे या क्षेत्रात खोलवर जावयाचे असेल त्याने त्यांचे काम अवश्य अभ्यासावे.

नोकरीचे काय? बिल्ड आणि रिलीज इंजिनिअर, प्लॅटफॉर्म इंजिनिअर, डेव्हऑप्स, साइट रिलायबिलिटी, असे नाना हुद्दे या कामाला आहेत. परंतु ताज्या पदवीधराला पहिल्याच दिवशी यांतला हुद्दा मिळणे कठीण, बहुतेकजण प्रोग्रॅमिंग, टेस्टिंग किंवा सर्व्हर सांभाळण्याच्या कामातून इकडे सरकतात, हे स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. ‘तीन महिन्यांत डेव्हऑप्स, नोकरीची हमी’ अशा जाहिराती देणाऱ्या क्लासांना कर्ज काढून फी भरू नये. पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास पुण्यातील सी-डॅकचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, त्याची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. लिनक्सची तोंडओळख मराठीतून हवी असल्यास आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. कुबरनेटिसची प्रशासकीय परीक्षाही आहे आणि तिच्यात पर्याय निवडावयाचे नसून दोन तासांत प्रत्यक्ष कमांड चालवून प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणून तिला थोडी तरी किंमत आहे; पण ती नोकरी लागल्यावर, शक्यतो कंपनीच्या खर्चाने, द्यावी. डॉकरची फाइल आता कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहून देते, मग मुलाने हे कशाला शिकावे, अशी शंका हल्ली वारंवार ऐकू येते. तिला उत्तर इतकेच, की त्या फाइलीत पाया म्हणून कोणाची इमेज घेतली आहे आणि ती विश्वासास पात्र आहे काय याची रुजुवात करून सही करणारा मनुष्य लागतोच.

बिल्ड स्वतःच्या यंत्रावर सुरळीत होऊ लागले, म्हणजे प्रकल्पात छोटीशी दुरुस्ती पाठवावी. नवागतांसाठी ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी खूण केलेली कामे असतात. सूचनापत्रातील एखादी जुनी झालेली ओळ सुधारणे हेही कमीपणाचे नाही. प्रथम योगदानाचा करार मान्य करावा लागतो, मग स्वयंचलित चाचण्या होतात, मग तपासनीस शेरे देतात, आणि ते शेरे कधी कधी इतके रोखठोक असतात की घरी लाडाकोडात वाढलेल्या मुलाला ते बोचतात. त्याने दुरुस्ती करून पुन्हा पाठवावे. मंजुरीला दिवस लागतील, आठवडेही लागतील. पण हा सारा पत्रव्यवहार जगजाहीर राहतो, आणि मुलाखत घेणारा, अर्जदाराची शाखा मेकॅनिकल होती की सिव्हिल हे पाहण्यापूर्वी, तो उघडून वाचू शकतो. लिनक्स फाउंडेशनची मेंटॉरशिप आणि २००५ पासून चालणारा गूगल समर ऑफ कोड यांत निवड झाल्यास मानधनही मिळते, मात्र तेथेही आधीचे काम पाहिले जाते.

राहता राहिला लॅपटॉपचा प्रश्न, जो पालक शेवटी आणि काहीशा संकोचाने विचारतात. घरात असलेल्या यंत्रात मेमरी वाढवता येत असल्यास ती आधी वाढवावी, जुनी फिरती हार्ड डिस्क असल्यास तिच्या जागी एसएसडी बसवावी, आणि शक्य तर लिनक्सच घालावे, म्हणजे मधले आभासी यंत्र वाचते. तेवढ्यानेही संपूर्ण बिल्ड पेलत नसेल तर तूर्त नवे यंत्र घेऊ नये. त्याच स्क्रिप्टला ‘क्यूबसीटीएल’ या एकाच अवजाराचे नाव आणि एकाच प्रोसेसरची जात सांगितली तर ती तेवढेच तयार करून देते, आणि शिकण्याच्या पहिल्या काही महिन्यांना ते पुरेसे आहे.