दोन गाण्यांचा सांधा



तुझा म्युझिक प्लेअर लक्षपूर्वक ऐकला. क्रॉसफेडच्या, म्हणजे एक गाणे ओसरताना दुसरे चढवण्याच्या, ऐन मध्यावर आवाज खचतो म्हणून तू ध्वनिमुद्रणास बोल लावतोस; पण दोष तुझ्या हिशेबाचा आहे. सरळ रेषेत चढउतार केल्यास मध्यावर प्रत्येक गाण्याचे प्रमाण निम्मे होते, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ध्वनींच्या शक्तींची बेरीज होत असल्यामुळे पाव आणि पाव मिळून अर्धीच शक्ती हाती राहते, म्हणजे सुमारे ३ डेसिबलची तूट येते. यास्तव साइन-कोसाइनचे वक्र योजावेत. मध्यावर दोहोंचे प्रमाण ०.७०७ राहून एकूण शक्ती ढळत नाही. बेरीज सोळा बिटांत मावत नाही व आवाज फाटतो, त्याचा बंदोबस्त मिश्रण फ्लोटमध्ये करून व अखेरीस पातळी मर्यादेत आणून होईल. सेकंदास ४४,१०० आणि ४८,००० सॅम्पलांच्या फायली मात्र आधी एका दरावर आणल्याच पाहिजेत.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न, सांधावे कोठे आणि सांधू नये कोठे, हा आहे. विलंबित ख्याल एका फायलीत आणि त्याला लागूनच येणारा द्रुत दुसरीत असा जेथे एकाच मैफलीचा विच्छेद झालेला असतो, तेथे पाच सेकंदांचा क्रॉसफेड चालवलास, तर एकतालाच्या सरत्या मात्रांवर तीनतालाचा ठेका आदळून समेची जागाच हरपेल. आणि गायक निराळे, त्यांचे षड्जही निराळे असले, तर दोन तानपुऱ्यांचा तो कलह कोणत्याही वक्राने मिटणारा नाही. मैफल अशी मोडू नये म्हणून एकाच अल्बममधील लगतच्या गाण्यांना क्रॉसफेड वर्ज्य समज. तेथे अखंडता हवी, आणि एमपीथ्रीत ती आपोआप मिळत नाही: एन्कोडरच्या प्रक्रियेतील विलंबामुळे आरंभी, आणि ११५२ सॅम्पलांची शेवटची चौकट भरण्यासाठी अखेरीस, निःशब्द भर पडते, आणि ती किती हे लेमसारखा एन्कोडर फायलीच्या प्रारंभीच नोंदवून ठेवतो. ती नोंद वाचून, डिकोडरचा विलंबही हिशेबात धरून, तेवढी सॅम्पले गाळ, म्हणजे तानपुरा तुटणार नाही.

क्रॉसफेड मूळ तजविजीत बंदच ठेव. ज्यास हवा तो चालू करील.

राहिली एक बाब. फेड अर्ध्यावर असताना श्रोत्याने पुढच्या गाण्याची कळ दाबली, तर ओसरणाऱ्या दोन्ही गाण्यांस त्या क्षणीच्या प्रमाणापासूनच खाली आण, पूर्ण प्रमाणापासून नव्हे. एरवी आवाज एकदम उसळेल. एवढी दुरुस्ती करून नवी प्रत पाठव.