जावईबापूंची फाइल आणि तुझी

जावईबापूंचे रिपोर्ट चांगले आले, गोळ्या कमी केल्या, ऐकून जीव भांड्यात पडला. पण तुझे रिपोर्ट कुठायत गं? विचारलं तर म्हणतेस, "अक्का, मला काय झालंय? मी तर दिलंय." यावरच बोलायचंय मला.

जावईबापूंना काय दिलंस ते नीट समजून घे. उजव्या बाजूचा भाग, म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास यकृत. दोन-तीन महिन्यांत ते पुष्कळसं भरून येतं, हे खरंय. पण कापलेला तुकडा पुन्हा उगवत नाही, उरलेलाच मोठा होतो. पित्ताची पिशवी काढली ती कायमची. म्हणून कुणाकुणाला तळलेलं, तेलकट पचत नाही. टाक्यांभोवतीची कातडी बधिर राहते, कधी मुंग्या येतात. काहींच्या प्लेटलेट थोड्या कमीच राहतात. याला घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरच्या कानावर घालायचं.

तुला सगळ्यात जास्त सांगणं आहे ते उचलण्याबद्दल. पोटाचे स्नायू कापून शिवलेत. सुरुवातीचे तीन महिने तरी जड उचलायचं नाही, आणि पुढंही डॉक्टरला विचारल्याशिवाय सोयाबीनच्या कट्ट्याला हात लावायचा नाही. नळाला पाणी आलं की भरलेली घागर कमरेवर घेतेस, माहीत आहे मला. टाक्यांपाशी फुगवटा दिसला, खोकताना बाहेर आला, तर तो हर्निया. त्यात पुन्हा ऑपरेशन. सासूबाईंना मी सांगते. तुला जमणार नाही ते.

आणि काढे बंद! "लिव्हर साफ होतं" म्हणून गुळवेल देणारे घरोघरी आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीमुळं यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. त्यांचा वाद त्यांना लखलाभ, तू पिऊ नकोस. अंगदुखीची गोळीसुद्धा मनानं घ्यायची नाही. वजन वाढू देऊ नकोस, उरलेल्या यकृतावर चरबी चढायला नको. दुसरं मूल हवं असेल तर साधारण वर्षभर थांब आणि आधी डॉक्टरशी बोल.

अगं, अमेरिकेतल्या नऊ केंद्रांनी दात्यांचा मागोवा घेतला, तर सुमारे चाळीस टक्के जणांना काही ना काही गुंतागुंत झालेली. बहुतेक किरकोळ, बऱ्याचशा वर्षभरात निस्तरल्या. बाकी तब्येतीनं हे दाते चारचौघांच्या बरोबरीनंच जगतात. उजवा भाग देणारे हजारात दोन ते पाच दगावतात, असं धरतात. आकडा लहान आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्यात एका बायकोनं नवऱ्याला यकृताचा भाग दिला आणि काही दिवसांत दोघंही गेले. ती बातमी वाचल्यापासून "दात्याला काही होत नाही" असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

मेंदू मृत झालेल्यांचं यकृत मिळणं दुर्मिळ. आपल्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. विलासराव देशमुख २०१२ मध्ये चेन्नईत यकृताची वाट बघतच गेले. म्हणून घरातल्या माणसाकडं नजर जाते, आणि आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त. दिल्यावर मात्र भेटायला येणारा पाहुणा पेशंटच्या खाटेपाशी बसतो, देणारी स्वयंपाकघरात चहा ठेवते. केंद्र सरकारच्या नोकरदार दात्याला बेचाळीस दिवसांपर्यंत खास रजा आहे. तुझ्या चुलीला कोण रजा देणार?

मनाचंही सांग. रात्री झोप येत नाही, चिडचिड होते, जावईबापू पथ्य मोडतात तेव्हा "माझा जीव देऊन वाचवलं आणि हे असं?" असं मनात येतं ना? येऊ दे. त्यात पाप नाही. ज्याला दिलं तो पुढं दगावला तर दात्याचं मन जास्त ढासळतं, हेही अभ्यासात दिसलंय. देवाच्या दयेनं तुझ्यावर ती वेळ नाही. तरी झोप उडालीच असेल तर डॉक्टरला तेही सांग.

तपासणीसाठी दर वेळी ऑपरेशन झालं तिथं, हैदराबादला, जायची गरज नाही. यकृताच्या रक्ततपासण्या, प्लेटलेट, सोनोग्राफी नांदेडातच होतील, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात किंवा गावातल्या लॅबमध्ये. रिपोर्ट तिकडच्या डॉक्टरांना पाठवायचे आणि पुढची तारीख विचारून घ्यायची. दरवर्षी एकदा तरी, आयुष्यभर. मधेच डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, अंगाला खाज सुटली, उलट्या होऊन पोट फुगलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

डिस्चार्जचा कागद जावईबापूंच्या पिशवीत असेल, तो काढ. दुकानातून एक नवी फाइल आण, वर तुझं नाव घाल. रविवारी लातूरहून सकाळच्या गाडीनं येतेय मी. सोमवारी उपाशीपोटी लॅबला जाऊ, दोघी. घरच्यांचा नाष्टा त्या दिवशी जावईबापू करतील, त्यांना तसं आजच सांगून ठेव.