अंधारांत पाहणारी दुर्बीण

बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं मेळघाटांतील पाणवठ्यांवर मचाणांत बसून वन्यपशूंची नोंद करण्याची चाल आहे. एके वर्षी आम्हांसही सेमाडोहकडील एका मचाणावर बसण्याचा योग आला. आभाळ ढगाळ होतें. वर चढतांच आम्हीं मोबाइलचा दिवा लावून घड्याळ पाहिलें, आणि मग आम्हांस समोरच्या झाडाचा बुंधाही दिसेना. शेजारीं बसलेला कोरकू वाटाड्या मात्र हळूच म्हणाला, “गुरुजी, सांबर उभं आहे.” तें आम्हांस दिसलें अर्ध्या तासानें, आणि तोंवर तें जागचें हललेंही नव्हतें! चांदणें वाढलें नव्हतें. आमचा डोळा तयार झाला होता.

विद्यार्थिमित्रहो, याचें कारण असें. आपल्या नेत्रपटलावर दोन जातींच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी सुमारें ६० लाख. त्या रंग व बारकावा ओळखतात, परंतु त्यांस भरपूर उजेड लागतो. दंडाच्या आकाराच्या पेशी सुमारें १२ कोटी. त्या मंद प्रकाशांतही काम करतात, पण रंग ओळखीत नाहींत. या दंडपेशींतील प्रकाशग्राही द्रव्य प्रखर उजेडांत विरून जातें व पुन्हां भरून येण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. वाटाड्यानें दिव्याकडे पाहिलेंच नव्हतें, एवढाच त्याच्यांत व आमच्यांत भेद. घरीं हा प्रयोग करून पाहावा: दिव्याखालीं एक डोळा दहा मिनिटें तळहातानें झांकून ठेवा, नंतर दिवा मालवा, आणि आळीपाळीनें एकेका डोळ्यानें पाहा. वाघाचे डोळे याहूनही तयार असतात. त्यांच्या नेत्रपटलामागें आरशासारखा एक पडदा असतो; निसटून गेलेला प्रकाश तो परत फिरवितो. टॉर्चच्या झोतांत ते डोळे चमकतात ते यामुळेंच.

मनुष्यास आरसा मिळाला नाहीं. त्यानें यंत्र केलें. तांबड्या रंगापलीकडील अदृश्य किरण विल्यम हर्शल यांनीं १८०० सालीं उष्णतामापकाच्या साह्यानें शोधून काढले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनीं व अमेरिकनांनीं बंदुकीवर अशा अवरक्त किरणांचा दिवा आणि ते किरण दाखविणारी दुर्बीण बसविली. १९४५ सालीं ओकिनावा बेटावरील लढाईंत अमेरिकन सैनिकांनीं ती वापरली. विजेरीचें ओझें पाठीवर वाहावें लागे, आणि शत्रूपाशीं तशीच दुर्बीण असली तर आपला दिवा त्यास लखलखीत दिसे! पुढें १९६० नंतरच्या दशकांत दिव्यावांचून, केवळ ताऱ्यांच्या उजेडावर चालणाऱ्या दुर्बिणी आल्या. त्यांच्या नळीच्या तोंडाशीं प्रकाश पडतांच विद्युत्कण सुटतात. पुढच्या पिढीच्या नळ्यांत लक्षावधि सूक्ष्म छिद्रांच्या कांचेच्या चकतींतून जातांना ते हजारों पटींनीं वाढतात, आणि शेवटीं चमकणाऱ्या पडद्यावर आपटून हिरवें चित्र उमटवितात. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीची एक उपकंपनी १९९० सालीं पुण्यास स्थापन झाली. आपल्या सैन्यासाठीं अशा नळ्या तेथें बनूं लागल्या.

हें यंत्र शिरस्त्राणास लावून डोळ्यांपुढें धरलें कीं बंदुकीच्या दुर्बिणींतून नीट पाहतां येत नाहीं, कारण दोन भिंगांची सांगड जमत नाहीं. म्हणून बंदुकीवर अदृश्य किरणांचा लेसर बसवितात. त्याचा ठिपका यंत्रांतून पाहणारासच दिसतो. येथें भौतिकशास्त्राचा एक धडा आहे. लेसरचा किरण सरळ जातो. गोळी मात्र नळीबाहेर पडतांच गुरुत्वाकर्षणानें खालीं ओढली जाते. शिवाय लेसर नळीच्या वर किंवा बाजूस बसविलेला असतो. तेव्हां ठिपका व गोळी यांची गांठ ठरवून दिलेल्या अंतरावरच पडते. त्याच्या अलीकडे-पलीकडे ठिपका खोटें बोलतो. आणखी एक धोका असा कीं, प्रखर उजेड दिसतांच आपल्या पापण्या आपोआप मिटतात. न दिसणाऱ्या किरणानें त्या मिटत नाहींत, आणि नेत्रपटल भाजून जातें. बाजारांतील लेसरच्या खेळण्यांशीं खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

तिसरी जात उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्याची. त्यास प्रकाशच लागत नाहीं. सजीवाच्या अंगांतून निघणारी ऊब तो टिपतो. परंतु त्यास ऊब दिसते, पट्टे दिसत नाहींत, आणि वाघाची ओळख तर पट्ट्यांवरूनच पटते. ही गोष्ट आपल्या वऱ्हाडांत फार महत्त्वाची ठरली. यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा-राळेगांव भागांत सुमारें दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका ‘अवनी’ नामक वाघिणीवर आला. तिच्या शोधार्थ स्वयंचलित कॅमेरे, हत्ती आणि उष्णता पाहणारीं ड्रोनेंही वापरलीं गेलीं. अखेर २ नोव्हेंबर १९१८ नव्हे, २०१८ च्या रात्रीं (आमची लेखणी जुन्या शतकांत रमते!) राळेगांव तालुक्यांत ती गोळीनें मारली गेली, मागें तिचे दोन बछडे राहिले. अंधारांत गुंगीचा बाण मारण्याचा खरोखर प्रयत्न झाला काय, यावरून मोठा वाद माजला, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनेंही त्या रात्रींच्या कार्यपद्धतीवर आक्षेप घेतले. वाघिणीसाठीं शोक करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. परंतु ज्या घरांतील माणूस कपाशीच्या शेतांतून परतला नाहीं, त्या घराचा शोक आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

कारण आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचे वडील अकोला-अमरावतीकडील शिवारांत हरभऱ्याच्या ओलितासाठीं रात्रींच जातात. शेतीची वीज पुष्कळदां रात्रींच येते! त्यांच्यापाशीं असली दुर्बीण नाहीं, टॉर्च आहे. मचाणावर बसणारानें टॉर्चवर तांबडा कागद लावावा, म्हणजे दंडपेशी फारशा दिपत नाहींत. धुऱ्यावरून चालणारानें मात्र तसें मुळींच करूं नये. त्यानें पांढरा झोत पावलांपुढें ठेवावा, गमबूट घालावे आणि काठी आपटीत जावें; रानडुकरापूर्वीं बहुधा सापाची गांठ पडते.