घोड्याच्या पायाचे बूट : निवड व वापर

माथेरानच्या डोंगरावर खासगी मोटारगाड्यांस मज्जाव आहे. १९०७ सालीं नेरळहून आगगाडी सुरू झाली, व डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षाही चालूं लागल्या. तथापि प्रवासी व सामान वाहण्याचें पुष्कळसें काम अद्यापि घोड्यांकडे आहे. आमच्या कर्जत तालुक्यांतील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ या जनावरावर चालतो. घोड्याचा पाय दुखावला म्हणजे केवळ जनावर बसत नाहीं, घरांतील मिळकत बसते. म्हणून पायाचे बूट कसे निवडावे, याविषयीं चार गोष्टी सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोजणी झाल्यावांचून जमिनीची आकारणी होत नाहीं; तद्वत् इजा कोठें होते हें पाहिल्यावांचून बूट घेऊं नये. इजा मुख्यत्वें तीन प्रकारची असते. एका पायाचा खूर शेजारच्या पायाच्या आंतल्या बाजूस, बहुधा खुरावरील सांध्यास, घांसतो, हा पहिला प्रकार. मागल्या पायाच्या खुराचें टोंक पुढल्या पायाच्या टांचेवर आदळतें, हा दुसरा. तेंच टोंक नळीच्या मागील जाड शिरेवर बसतें, हा तिसरा व सर्वांत घातक; कारण ती शीर फाटल्यास बरी होण्यास कित्येक महिने लागतात, आणि पूर्वीचें बळ येईलच असा भरंवसा नसतो.

परीक्षा सोपी आहे. नालेच्या कडेस खडूची ओली पूड लावावी. पाय पांढरा असल्यास गेरू लावावा. मग घोड्यास सपाट जागीं सरळ चालवावें व थोडें दुडक्या चालीनें न्यावें. ज्या पायावर डाग उमटेल तेथें मार बसतो असें समजावें.

डाग दिसतांच दुकानाकडे न धांवतां प्रथम नालबंदास बोलवावें. वाढलेला खूर, सैल नाल, बाहेर आलेला खिळा, थकवा किंवा अशक्तपणा, हीं या दोषाचीं नेहमींचीं कारणें होत. खूर सहा ते आठ आठवड्यांनीं तासून घ्यावे. एवढें करूनही पाय लागत राहिल्यास बूट घ्यावे.

सांध्यास घांसत असेल तर आंतल्या बाजूस जाड कवच असलेला नळीचा बूट घ्यावा. टांचेवर मार बसत असेल तर खुराभोंवतीं बसणारा, घंटेच्या आकाराचा रबरी बूट घ्यावा. तो टांचेचा मऊ भाग झांकील इतका लांब असावा, पण जमिनीवर लोळूं नये, नाहींतर उतारावर घोडा त्यावरच पाय देऊन पडेल. शिरेच्या रक्षणास मागून कठीण व आंतून मऊ अस्तराचा बूट योग्य.

नळीचा घेर व लांबी दोरीनें मोजून माप घ्यावें. नळीचा बूट बांधल्यावर आंत एक बोट जावें; सैल बूट फिरतो, फार घट्ट बूट रक्त अडवितो. पट्टे पायाच्या बाहेरील बाजूस यावे व त्यांचीं टोंकें मागें वळावीं.

चामडें टिकाऊ खरें, पण भिजल्यावर जड व वाळल्यावर ताठ होतें. त्यास तेल द्यावें लागतें. कृत्रिम रबराचा बूट हलका, पण त्यांत ऊब कोंडते, व तापलेली शीर दुबळी होते. शिवाय डोंगरावरील तांबड्या मातीचे कण आंत शिरून कातडी सोलतात. म्हणून काम संपतांच बूट काढावे, पाय धुवून हातानें चांचपावे, व बूट झटकून वाळवावे. रात्रभर बूट ठेवूं नयेत.

बूट बाहेरचा मार अडवितो. शिरेवरील भार हलका करीत नाहीं. लंगडणाऱ्या घोड्यास बूट बांधून कामास लावणें म्हणजे मोडत्या आढ्यास रंग देण्यासारखें आहे. त्यास विश्रांति द्यावी व पशुवैद्यास दाखवावें. सारांश, आधीं नाल, मग माप, आणि शेवटीं बूट, हाच क्रम ठेवावा. त्यांत पैसा वांचतो व जनावरही वांचतें.